वारसा परिसरातला रहिवासी संघ (मुंबई): सभासद पट, दप्तर आणि हरकती

माडीवरून

खोताची वाडी, माथारपाखाडी, रणवार, बाणगंगेचा परिसर, दादर-माटुंग्याच्या कॉलन्या. मुंबईतल्या अशा जुन्या वस्त्यांमध्ये रहिवासी संघ असतोच, निदान नावाचा फलक तरी असतो. संघात सामील व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि झाल्यावर कोणती कामं उपयोगी पडतात, यावर हा धागा.

पहिली गोष्ट सभासदत्वाची. बहुतेकांना वाटतं की व्हॉट्सॲपच्या गटात आलो, वर्गणी दिली, झालो सभासद. संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला असेल तर तसं होत नाही. त्या कायद्याच्या कलम १५ मध्ये सभासद कोण, हे सांगितलं आहे: संस्थेच्या नियमांप्रमाणे ज्याला प्रवेश दिला आहे, ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासद पटावर सही केली आहे आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो. त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही.

म्हणून सामील होताना चार गोष्टी करून घ्या. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वर्गणीची क्रमांक असलेली पावती घ्या. कार्यकारिणीच्या ज्या सभेत तुमचा प्रवेश मंजूर झाला, तिची तारीख आणि ठराव क्रमांक विचारून अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा. आणि पटावर स्वतः जाऊन सही करा. पट म्हणजे बांधीव वही, पानांना क्रमांक असलेली. सुट्या कागदांची फाइल चालवू नका.

इतका काटेकोरपणा का, तर संघाची कसोटी लागते ती वादाच्या वेळी. विकासक, मालक किंवा संघातलाच दुसरा गट पहिला प्रश्न विचारतो: ठराव मांडणारे सभासद होते का, गणपूर्ती झाली होती का? पट नीट नसेल तर कितीही चांगला ठराव तिथेच अडकतो.

सामील होण्याआधी संघाकडे पाच कागद मागा: नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल एकचा ताजा उतारा. शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण सरकारच्या नोंदीत आज विश्वस्त कोण आहेत ते त्यावरून कळतं. त्यावर दिवंगत माणसांची नावं दिसली तर घाबरून मागे फिरू नका. तिथून कामाला सुरुवात करा.

पगडीतला

भाडेकरूंचं काय? आमच्याकडे घटनेत 'घरमालक' असाच शब्द आहे. वाडीत सत्तर टक्के लोक पगडीचे.

माडीवरून

मग आधी घटनाच बदलून घ्या. जुन्या घटना मालकांनी मालकांसाठी लिहिलेल्या असतात. 'परिसराच्या हद्दीत कायदेशीर ताबा असलेली प्रौढ व्यक्ती' अशी व्याख्या केली की मालक, पगडीचे भाडेकरू, सोसायटीचे सभासद आणि दुकानदार सगळे आत येतात. भाड्याने अकरा महिन्यांसाठी राहणाऱ्यांना सहयोगी सभासद करा. मताचा हक्क नाही, पण सभेला बसता येतं आणि कामात हातभार लावता येतो.

घटनेतला हा बदल म्हणजे नियमावलीतली दुरुस्ती. ती तुमच्या नियमावलीत दिलेल्या पद्धतीने करा. पण संस्थेची उद्दिष्टंच बदलायची किंवा वाढवायची असतील (समजा, फक्त 'सण-उत्सव' होतं आणि आता 'वास्तूंचं संवर्धन' घालायचं आहे) तर १८६० च्याच कायद्याचं कलम १२ लागतं: विशेष सभेची दहा दिवस आधी लेखी सूचना, तीन पंचमांश मतं आणि महिनाभराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब. दुसरी सभा विसरली जाते. ती झाली नाही तर पहिलीचा उपयोग शून्य.

व्याख्येत 'हद्द' हा शब्द आला आहे, तर हद्दीचा नकाशा घटनेला जोडा. नगर भूमापन क्रमांकांची यादी दिली तर उत्तम. 'वाडी व आसपासचा परिसर' असं मोघम लिहिलेल्या संघात निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात पलीकडच्या रस्त्यावरचे चाळीस अर्ज येतात.

गल्ली_क्रमांक_तीन

नोंदणीचा एवढा अट्टहास कशाला? महापालिकेची प्रगत परिसर व्यवस्थापन योजना, म्हणजे एएलएम, १९९७ पासून आहे. विभाग कार्यालयात नाव नोंदवा, गल्लीची कमिटी करा. कचरा, पदपथ, दिवे सगळं तिथून होतं. ट्रस्ट केला की हिशेब तपासनीस, चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद), वकील. स्वयंसेवक त्यातच थकतात आणि मूळ काम बाजूला राहतं.

हिशेबनीस

कचरा, गटार, खड्डे एवढंच काम असेल तर गल्ली क्रमांक तीन यांचं बरोबर आहे. एएलएम पुरेशी आहे आणि तीच ठेवावी. पण एएलएमला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नाही. तिच्या नावाने देणगी घेणं, वास्तुविशारदाशी करार करणं, न्यायालयात अर्ज करणं यात अडचण येते. मग पैसा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जातो आणि तिथूनच भांडण सुरू होतं.

संस्था नोंदायला किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात या कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. कार्यालय एकच, मुंबईसाठी वरळीचं धर्मादाय आयुक्तालय, पण क्रमांक दोन मिळतात. लेटरहेडवर दोन्ही छापा.

पाळायच्या मुदती फार नाहीत:

वार्षिक सभा झाली की चौदा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे (१८६० च्या कायद्याचं कलम ४).

विश्वस्त बदलले, कुणी वारलं, पत्ता बदलला, तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट (१९५० च्या कायद्याचं कलम २२).

३१ मार्चला हिशेब बंद, मग लेखापरीक्षण आणि अहवाल दाखल.

तीन तारखा आहेत, बाकी काही नाही. एका माणसाकडे एवढंच काम द्या आणि त्याला दुसरं काही सांगू नका.

वर्गणीबद्दल: ती कमी ठेवा, पण सोडून देऊ नका. वर्षाला दोनशे-तीनशे रुपये कुणालाही झेपतात आणि सभासदत्वाची कायदेशीर खूण म्हणून पुरतात. सगळी वर्गणी एप्रिल-मेमध्ये एकदम गोळा करा, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या वार्षिक सभेला कुणाची थकबाकी तीन महिन्यांवर गेलेली नसते. महिन्याला वीस रुपये अशी पद्धत असेल तर मताच्या दिवशी कोण पात्र आणि कोण नाही, यावर दोन तास जातात.

मोठं काम वर्गणीतून करू नका. त्यासाठी वेगळा निधी, वेगळा ठराव, शक्यतो वेगळं बँक खातं. देणगीवर करसवलतीची नोंदणी असेल तर देणगीदाराला आधीच सांगा की दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. धनादेश किंवा ऑनलाइन घ्या. आणि चित्रीकरणाचं भाडं. वारसा वस्तीत मालिका, जाहिराती, लग्नाआधीची छायाचित्रं यांची सतत विचारणा होते. ते पैसे पावतीशिवाय घेतले की संघाची अब्रू जाते. दर ठरवा, फलकावर लावा, ज्या घरासमोर चित्रीकरण त्या घराची लेखी संमती घ्या.

दप्तर

पट आणि हिशेब झाला. वारसा वस्तीच्या संघाचं खरं वेगळं काम म्हणजे घरोघरचं दप्तर, त्याबद्दल लिहितो. ज्याला सभा-राजकारण नको त्याने हे काम घ्यावं. इथे माणसांची सर्वांत जास्त गरज असते.

प्रत्येक घराची एक फाइल. वर नगर भूमापन क्रमांक, नाव नव्हे. घरांची नावं बदलतात, मालक बदलतात, क्रमांक सहसा टिकतो. आत काय काय:

मालमत्ता पत्रक, भूमापन नकाशाची प्रत, विकास आराखड्याचा शेरा (डीपी रिमार्क), वारसा यादीतली नोंद असेल तर तिचा अनुक्रमांक आणि श्रेणी, मालमत्ता कराचा उतारा. इमारत उपकरप्राप्त (जिच्यावर दुरुस्ती उपकर आकारला जातो अशी जुनी) असेल तर तिचा वर्ग. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची 'अ', तिथून १९५० अखेरपर्यंतची 'ब', १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ ची 'क'. घर किती जुनं, याचा हा पुरावा बऱ्याचदा हाताशी असतो आणि कुणाच्या लक्षात नसतो.

दादर-माटुंग्याकडे आणखी एक कागद शोधा: भाडेपट्टा. हा भाग १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखला. भूखंड पट्ट्याने दिले गेले आणि बऱ्याच पट्ट्यांत बांधकामाच्या अटी आहेत. त्या आजही वाचण्यासारख्या आहेत.

छायाचित्रांची शिस्त. घराचा पूर्ण दर्शनी भाग समोरून, कॅमेरा सरळ धरून, वर वाकवून नाही. मग दोन्ही कोपऱ्यांतून. त्यानंतर तपशील: छपराची कड, वासे आणि त्यांचे घोडे, गॅलरीचा कठडा, बाहेरचा जिना, दरवाजाची चौकट, खिडकीवरची झडप, फरशी, जोतं. प्रत्येक तपशिलाच्या चित्रात एक मीटरची काठी उभी धरा, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवलेली. काठी नसेल तर पुढे त्यावरून माप काढता येत नाही आणि सुताराला नवा कठडा करताना चित्राचा उपयोग होत नाही. फाइलचं नाव: भूमापन क्रमांक, तारीख, बाजू. मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत दप्तरात घेऊ नका. ती दाबलेली असते आणि तिच्यातली तारीख-वेळेची नोंदही निघून गेलेली असते.

वर्षातून दोनदा हे करा: मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर. दोन चित्रं शेजारी ठेवली की कुठे ओल चढते, कुठला वासा खचतो, हे कुणीही सांगू शकतं.

घराच्या आतली चित्रं घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. आणि हे दप्तर समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. कोणत्या घरात कोण एकटं राहतं, कुठली खिडकी मोडकी आहे, हे सगळं त्यात दिसतं.

आवक_जावक

माझा विषय हरकती-सूचनांचा. संघाला पाठिंबा द्यायचा म्हणजे काय, याचं सर्वांत ठोस उत्तर हेच.

आधी पार्श्वभूमी दोन ओळींत. मुंबईची वारसा नियमावली एप्रिल १९९५ मधली, देशातल्या शहरांमध्ये अशी पहिलीच. आज तो विषय विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या नियम ५२ मध्ये आहे. श्रेणी एकच्या वास्तूत अत्यावश्यक तेवढाच हस्तक्षेप. दोन-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर चालू शकतो. दोन-ब मध्ये त्याशिवाय सुसंगत असेल तर त्याच भूखंडावर वाढीव बांधकामही. श्रेणी तीनमध्ये मोकळीक सर्वांत जास्त. परिसर म्हणून यादीत असणं आणि घर स्वतंत्रपणे श्रेणीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेत 'आपली वाडी हेरिटेज आहे, कुणी हात लावू शकत नाही' असं कुणी म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त करा. खोट्या भरवशावर लोक गाफील राहतात.

आता हरकत. विकास आराखड्यात किंवा नियमावलीत फेरबदल १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली येतो तेव्हा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. दिवस सूचनेपासून मोजायचे, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. म्हणून एका सभासदाकडे फक्त राजपत्र आणि महापालिकेचं संकेतस्थळ पाहण्याचं काम द्या, दर सोमवारी.

पत्र कसं असावं: वर सूचनेचा क्रमांक आणि तारीख. मग कुठल्या भूखंडाबद्दल, कुठल्या कलमाबद्दल. मग हरकत, एका परिच्छेदात एक. मग काय बदल हवा ते स्पष्ट वाक्यात. शेवटी 'सुनावणीस उपस्थित राहू इच्छितो' हे वाक्य. भावनिक मजकूर मनापासून असतो हे खरं, पण नोंद घेणारा अधिकारी तक्त्यात काय लिहिणार, याचा विचार करा. 'आमचा इतिहास पुसला जातोय' याची नोंद होत नाही. 'प्रस्तावित रस्तारुंदीमुळे भूमापन क्रमांक अमुक आणि तमुक वरील दोन ओसऱ्या पाडाव्या लागतील, रुंदी सध्याच्या रेषेवर ठेवावी' याची होते.

संघाचं एक पत्र ठरावाच्या प्रतीसह, शिवाय प्रत्येक घराचं आपापलं पत्र. एकाच मजकुराच्या दोनशे छापील प्रती एकगठ्ठा हरकत म्हणून मोजल्या जाण्याचा धोका असतो. मुद्दे सारखे चालतील, पण आपल्या घराचा क्रमांक आणि आपल्यावर होणारा परिणाम ज्याने त्याने लिहावा. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र दिलंच नाही असं समजा.

विनापरवाना पाडकाम किंवा बांधकाम दिसलं तर: त्याच दिवशी तारखेची छायाचित्रं, विभाग कार्यालयातल्या इमारत व कारखाने खात्याच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला पत्र, प्रत वारसा कक्षाला. पत्रात 'काम थांबवण्याची नोटीस द्यावी' हे लिहा. महापालिका अधिनियमाचं कलम ३५४अ त्यासाठीच आहे. 'अनधिकृत' हा शब्द मात्र कागद पाहिल्याशिवाय वापरू नका. 'परवानगी आहे का याची तपासणी व्हावी' असं लिहा. परवानगी असेल तर तुमच्यावर उलटत नाही.

कागद माहितीच्या अधिकारात मागा: आयओडी (बांधकामाला सशर्त मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र), मंजूर नकाशे, वारसा समितीचा अभिप्राय असल्यास त्याची प्रत. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, संघाच्या नाही. हक्क नागरिकाला आहे आणि संस्थेच्या नावावरून अर्ज परत येण्याची वेळ येऊ नये. शुल्क दहा रुपये, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर नव्वद दिवसांत दुसरं. प्रकल्प महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे) नोंदलेला असेल तर मंजुरीचे बरेच कागद तिथे फुकट दिसतात. आधी तिथे पाहा.

पगडीतला

फार उपयोगी. छोटासा प्रश्न: संघाने मालकाला दुरुस्तीसाठी भाग पाडता येतं का?

आवक_जावक

संघाला नाही, भाडेकरूला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पगडीच्या जुन्या भाड्यावर ही रक्कम किरकोळ होते, हे खरं. तरीही नोटीस द्या. दुर्लक्ष मालकाचं होतं, याची ती नोंद राहते. संघाने नोटिशीचा नमुना आणि अंदाजपत्रक करून द्यावं, सही भाडेकरूची.

चुनाविटा

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे, तर संघांनी केलेली एक नेहमीची चूक सांगतो: 'सुशोभीकरण' म्हणून सगळ्या घरांना एकाच वेळी सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग.

जुन्या भिंती विटा आणि चुन्याच्या. त्या जमिनीतून आणि पावसातून ओल घेतात आणि चुन्यातून ती हळूहळू बाहेर टाकतात. वर सिमेंट चढवलं की ओलीचा रस्ता बंद. मग ती वर चढते, क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, वीट भुगा होऊन गळते आणि काही पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून वीट घेऊनच पडतो. भिंतीत गाडलेला सागवानी खांब असेल तर त्याचा पाय कुजतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच ते सर्वांत धोक्याचं.

करायचं ते असं: भिजवून मुरवलेला चुना आणि चाळलेली, क्षार नसलेली वाळू, एकास तीन. ओलसर भागात वाळूचा काही हिस्सा कमी करून सुर्खी (विटांची पूड) घाला. एकदम जाड थर नको. सेंटिमीटरभराचे थर, प्रत्येक थर आवळू लागल्यावर पुढचा, आणि आठवडाभर तरी गोणपाट ओलं ठेवून उन्हापासून जपायचा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मेमध्ये चुना फार लवकर वाळून भेगाळतो, जूनमध्ये तो धरतच नाही. आधी एक मीटर बाय एक मीटरचा नमुना लावा, एक पावसाळा जाऊ द्या, मग पूर्ण भिंत.

संघाने स्वतः कंत्राट घेऊ नये. संवर्धनाची पात्रता असलेला वास्तुविशारद, चुन्याचं काम जाणणारे दोन-तीन गवंडी, कौलं शाकारणारे, जुन्या लाकडाचे सुतार यांची यादी ठेवावी आणि एका घरावर प्रात्यक्षिक करावं. शेजारच्याने डोळ्यांनी पाहिलं की पुढचं घर आपोआप विचारायला येतं. आणि कौलं, पन्हळी, छपराच्या खोबणी मेअखेर साफ करण्याची सामूहिक मोहीम दरवर्षी. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

जिन्याखाली

आगीबद्दल कुणी लिहिलं नाही. लाकडी जिना, त्याच्याखाली मीटरपेटी, मीटरखाली रद्दी आणि हल्ली विजेची दुचाकी चार्जिंगला. उतरण्याचा मार्ग तो एकच. संघाने आणखी काही केलं नाही तरी चालेल, पण जिन्याखालची जागा मोकळी करून घ्या, चार्जिंग उघड्यावर न्या, दर मजल्याला अग्निशामक नळकांडी टांगा आणि तिची मुदत संपायची तारीख दप्तरात नोंदवा. रात्री बंब वाडीच्या तोंडापासून किती आत येतो, हे अग्निशमन केंद्राला विनंती करून एकदा प्रत्यक्ष पाहा. जिथे अडतो तिथलं पार्किंग काढायचं, मग ते कार्यकारिणीतल्या कुणाचं का असेना.

सागवान

पुनर्विकासाबद्दल संघाची भूमिका काय असावी? माझं मत स्पष्ट आहे. वारसा संघाने विरोधच करावा, नाहीतर संघ कशाला हवा?

माडीवरून

सागवान, तुमची तळमळ कळते, तरी मी सहमत नाही. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात, विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७) खाली, ५१ टक्के भाडेकरू-रहिवाशांची संमती लागते. ती संमती देणं न देणं हा त्या माणसाचा हक्क आहे. ज्याच्या डोक्यावर टेकू लावलेलं छप्पर आहे, त्याला संघाने 'नाही म्हण' सांगायचं आणि पावसाळ्यात स्वतः घरी झोपायचं, हे बरोबर नाही. असं करणाऱ्या संघातून भाडेकरू बाहेर पडतात आणि मग संघ मूठभरांचा उरतो.

संघाने माहिती समोर ठेवावी. इमारत खरंच धोकादायक आहे का? संरचनात्मक तपासणीच्या अहवालात ती सी-१ (पाडण्याजोगी), सी-२अ (रिकामी करून मोठी दुरुस्ती), सी-२ब (रिकामी न करता दुरुस्ती) की सी-३ (किरकोळ दुरुस्ती) यातल्या कशात बसते? मालकाचा अभियंता सी-१ म्हणतो आणि रहिवाशांचा सी-२ब, असं झालं तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. संघाने दुसऱ्या तपासणीचा खर्च उचलला तर त्याहून मोठी मदत नाही. नव्या इमारतीची उंची, गल्लीकडची रेषा, ओसरीची खोली यावर मात्र संघाने ठामपणे आणि लेखी बोलावं. ते सगळ्या वस्तीचं आहे.

आणि एक नियम घटनेतच घाला: कार्यकारिणीतल्या कुणाचाही विकासक, दलाल किंवा कंत्राटदाराशी व्यवहार असेल तर त्याने तो सभेत जाहीर करायचा आणि त्या विषयावर मतदान करायचं नाही. संमतीपत्रं गोळा करणं तर संघाच्या पदाधिकाऱ्याने कधीच करू नये.

सागवान

दुसऱ्या तपासणीचा मुद्दा मान्य. उंचीवर बोलायचं तर दप्तरमधली काठी धरून काढलेली छायाचित्रं लागतीलच.

नवी_पोरगी

नोकरी आहे, आठवड्याला फार तर एक तास देऊ शकते. सभा जमत नाहीत. काय घ्यावं?

दप्तर

जुनी इतिवृत्तं स्कॅन करून शोधता येतील अशी टंकून ठेवा. तासाला चार-पाच पानं होतात. हस्ताक्षरातल्या वह्यांमध्ये हद्दीचे ठराव, जुने पत्रव्यवहार, कधी झाड लावलं त्याची नोंद असते. झाडाचं मुद्दाम सांगतो: महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानतात. वय दाखवायला इतिवृत्तातली एक ओळ कामी येऊ शकते.

मोडी वाचता येत असेल तर एक तास सुद्धा सोन्याचा आहे.

फाटक

शेवटचा प्रश्न, पण आमच्यासाठी मोठा. शेड्यूल एकवर १९९० च्या दशकातले विश्वस्त आहेत, त्यातले बहुतेक हयात नाहीत. मधल्या निवडणुकांचे चेंज रिपोर्ट कुणी भरलेच नाहीत. नवीन संस्था काढावी का?

हिशेबनीस

काढू नका. जुन्या संस्थेची नोंदणी, बँकेतली शिल्लक, तिच्या नावाचा पत्रव्यवहार सगळं मागे राहतं, आणि एकाच वस्तीत दोन संघ झाले की कार्यालयं दोघांनाही बाजूला सारतात.

क्रम असा ठेवा. इतिवृत्तांच्या वह्या, जुने पट, बँकेची पुस्तकं एकत्र करा. प्रत्येक निवडणुकीसाठी वेगळा चेंज रिपोर्ट लागतो: सभेची सूचना, हजेरी, इतिवृत्त, निवडून आलेल्यांची संमतिपत्रं, दिवंगत विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले. जुन्यापासून नव्याकडे क्रमाने दाखल करा, प्रत्येकासोबत उशीर माफ करण्याचा अर्ज, कारणासह. मधल्या एखाद्या निवडणुकीचे कागद सापडलेच नाहीत तर ते तयार करू नका. मागच्या तारखेच्या सह्या चौकशीत उघड्या पडतात आणि मग खऱ्या निवडणुकाही संशयात येतात. कागद नाहीत असं प्रतिज्ञापत्रावर सांगा.

हयात विश्वस्तांपैकी एक जरी असतील तर आधी त्यांना जाऊन भेटा. पुढच्या सभेची सूचना शक्यतो त्यांच्या सहीने काढा. एकही नसेल तर स्वतः सभा बोलावू नका, धर्मादाय कार्यालयात अर्ज करून तिथल्या निर्देशानुसार सभा घ्या. तोवर वर्गणी गोळा करत राहा, पावत्या द्या आणि नवा पट आजच सुरू करा. पहिल्या पानावर तारीख घाला.

फाटक

एक विश्वस्त हयात आहेत, समोरच्याच माडीवर राहतात. रविवारी वह्या घेऊन जातो. मृत्यूच्या दाखल्यांची यादी इथेच टाकेन, बरोबर आहे का पाहा.